व्यसनमुक्तीच्या उपचारातील संवादाचे स्थान : स्वरूप, पद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना

अमली पदार्थांच्या सेवनाविषयी आपल्या महाविद्यालयांमध्ये बोलले जात नाही, असे म्हणता येणार नाही. दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने प्रभातफेऱ्या निघतात, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने तज्ज्ञांची व्याख्याने आयोजित केली जातात आणि सामूहिक शपथ घेतली जाते. या उपक्रमांचे जनजागृतीच्या दृष्टीने काही मोल निश्चितच आहे. तथापि या सर्व ठिकाणी बोलणारा वक्ता असतो आणि ऐकणारा विद्यार्थी असतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ज्या बोलण्याला उपचाराचे स्थान प्राप्त झाले आहे, त्याचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथे बोलावयाचे असते ते रुग्णाने, आणि ऐकावयाचे असते ते उपचारकाने.

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत करविलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यसेवन करीत होते. भांग, गांजा व चरस या वर्गातील पदार्थांचे सेवन करणाऱ्यांची संख्या सुमारे ३.१ कोटी, तर अफूजन्य पदार्थांचे सेवन करणाऱ्यांची संख्या सुमारे २.२६ कोटी होती. याच अहवालातील दुसरी बाब अधिक चिंताजनक आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एका व्यक्तीस, तर बेकायदेशीर अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर २० व्यक्तींपैकी एका व्यक्तीस काही ना काही उपचार मिळाला होता. व्यसनी मनुष्य आणि उपचार यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्यास सुविधांचा अभाव जसा कारणीभूत आहे, तसेच ‘बोलून काय होणार’ ही समजूतही कारणीभूत आहे. प्रस्तुत लेखात संवादाच्या आधारे केल्या जाणाऱ्या उपचारांचे स्वरूप, त्यांच्या प्रमुख पद्धती, त्यांच्या परिणामकारकतेचे पुरावे व त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेऊन अध्यापकांच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार केला आहे. मद्य हाही मेंदूवर परिणाम करणारा मादक पदार्थच असल्याने आणि या क्षेत्रातील बरेचसे संशोधन मद्यासंबंधी झालेले असल्याने त्याचाही येथे समावेश केला आहे.

१. व्यसनाधीनतेचे स्वरूप

व्यसन म्हणजे इच्छाशक्तीचा दुबळेपणा, अशी सर्वसाधारण धारणा आढळते. आधुनिक वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेकडे आजार म्हणून पाहते. मादक पदार्थाच्या वारंवार सेवनाने मेंदूतील सुखसंवेदनेशी संबंधित यंत्रणा बदलते. ज्या पदार्थाने प्रारंभी आनंद दिला, तोच पुढे केवळ अस्वस्थता टाळण्यासाठी घ्यावा लागतो. त्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. पदार्थ अचानक बंद केल्यास शारीरिक व मानसिक त्रास सुरू होतो. ब्राउन शुगर घेणाऱ्यांच्या बोलीत या त्रासाला ‘टर्की’ असे म्हणतात.

उपचाराचा पहिला टप्पा हा शरीरातील विष उतरविण्याचा असतो. तो वैद्यकीय देखरेखीखाली साधारणतः काही दिवसांत ते दोन आठवड्यांत पूर्ण होतो. कुटुंबीयांना अनेकदा वाटते की येथे उपचार संपला. वस्तुतः येथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. शरीर पदार्थावाचून राहू लागले, तरी तलफ, जुनी संगत, रिकामा वेळ, घरातील ताण आणि ‘एकदाच घेऊन पाहू’ हा विचार या गोष्टी जागच्या जागी असतात. संवादोपचाराचे कार्यक्षेत्र हे आहे. मात्र बोलणे म्हटले की त्यात खडसावणेही आले आणि समजून घेणेही आले. त्यामुळे कोणते बोलणे उपचार ठरते, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

२. खडसावण्याकडून समजून घेण्याकडे

विसाव्या शतकात दीर्घकाळ असा समज प्रचलित होता की, व्यसनी मनुष्य सत्य नाकारतो; म्हणून त्याचा नकार मोडून काढला पाहिजे. १९५८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे सुरू झालेल्या ‘सिनॅनॉन’ या निवासी समुदायात सदस्यांना वर्तुळात बसवून एकमेकांवर कठोर शाब्दिक हल्ले करण्याची पद्धत होती. पुढे अनेक केंद्रांनी तिचे अनुकरण केले.

या विचाराला छेद देणारे महत्त्वाचे कार्य अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी केले. १९८० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात त्यांना असे आढळले की, उपचारकाची समानुभूती, म्हणजे रुग्णाचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घेण्याची क्षमता, ही रुग्णाच्या सुधारणेशी निकटचा संबंध राखते. १९८२ मध्ये नॉर्वे येथील एका उपचारकेंद्रात तरुण मानसशास्त्रज्ञांना प्रात्यक्षिक दाखवीत असताना ते मिलर यांना मध्येच थांबवून ‘हाच प्रश्न का विचारला’, ‘या वेळी गप्प का राहिलात’ असे विचारीत. त्या चर्चेतून त्यांची पद्धत स्पष्ट होत गेली आणि १९८३ मध्ये तिच्यावरील पहिला लेख प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी तिची सविस्तर मांडणी ग्रंथरूपाने केली. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीस आपण प्रेरणासंवाद असे म्हणू शकतो.

१९९३ मध्ये मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अध्यापकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावा असा आहे. समुपदेशक जितका अधिक खडसावीत होता, तितके रुग्णाचे मद्यपान एक वर्षानंतर अधिक असल्याचे दिसून आले. आपले हित सांगणाऱ्याचा आवाज चढला की ऐकणारा स्वतःच्या बचावासाठी वकिली करू लागतो आणि ती वकिली करता करता स्वतःचे व्यसन त्याला अधिकच समर्थनीय वाटू लागते.

३. प्रेरणासंवादाची कार्यपद्धती

या पद्धतीचे गृहीतक असे की, व्यसनी मनुष्याच्या मनात द्विधा अवस्था असते. त्याला पदार्थ हवाही असतो आणि नकोही असतो. समुपदेशकाने ‘सोड’ ही बाजू घेतली, की रुग्णाकडे ‘नाही सोडवत’ ही एकच बाजू उरते. म्हणून बदलाची कारणे समुपदेशकाने न सांगता ती रुग्णाच्याच तोंडून यावीत, असा प्रयत्न केला जातो. त्यासाठी मोकळी उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारणे, व्यक्तीच्या प्रयत्नांची दखल घेणे, तिचे म्हणणे अधिक स्पष्ट शब्दांत तिला परत ऐकविणे आणि शेवटी सारांश मांडणे या चार कौशल्यांचा उपयोग होतो.

पुढील काल्पनिक संवादावरून हा फरक स्पष्ट होईल. गांजाचे सेवन करणारा एक विद्यार्थी अध्यापकांसमोर बसला आहे.

“गांजाने मेंदूवर काय परिणाम होतो, ठाऊक आहे ना तुला? निदान आईवडिलांचा तरी विचार कर.”
“सर, मी काही रोज घेत नाही. आणि होस्टेलवर सगळेच घेतात.”

येथे विद्यार्थ्याने जे दोन मुद्दे मांडले, ते दोन्ही व्यसनाच्या बाजूचे आहेत. आता हाच संवाद दुसऱ्या रीतीने पाहू.

“गांजा घेतल्यावर तुला काय बरं वाटतं?”
“डोकं शांत होतं, सर. झोप लागते.”
“आणि त्यातलं काय खटकतं?”
“सकाळी उठवत नाही. प्रॅक्टिकल बुडतात. मागच्या महिन्यात मेसचे पैसे त्यातच गेले.”
“म्हणजे रात्रीची झोप मिळते, पण दुसरा दिवस हातचा जातो.”
“हो ना. खरं तर परीक्षेपर्यंत तरी बंद करायला हवं.”

दुसऱ्या संवादात अध्यापकांनी एकही सल्ला दिलेला नाही. तरीही शेवटचे वाक्य विद्यार्थ्याने स्वतः उच्चारले. बदलाच्या बाजूने उमटलेले असे उद्गार ओळखणे आणि त्यांना वाढू देणे, हे या पद्धतीचे मर्म होय. अर्थात एका संभाषणाने व्यसन सुटत नाही. परंतु पुढील पाऊल टाकण्याची तयारी अशा संभाषणातून होते.

याच काळात, १९८३ मध्ये, जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटी यांनी धूम्रपान सोडणाऱ्या व्यक्तींच्या अभ्यासावरून बदलाच्या अवस्थांची कल्पना मांडली. विचारही न शिवलेली अवस्था, विचार करण्याची अवस्था, सिद्धता, कृती व सातत्य अशा क्रमाने ती पुढे विकसित झाली. या कल्पनेवर नंतर आक्षेपही घेतले गेले. तथापि ज्याने अद्याप सोडण्याचा विचारच केलेला नाही, त्याच्याकडून शपथ घेणे अकाली ठरते, एवढा बोध त्यातून नक्कीच घेता येतो.

४. बोधनिक-वर्तन उपचार आणि घसरणीचा प्रतिबंध

सोडण्याची इच्छा निर्माण झाल्यानंतर ती टिकविण्याची कौशल्ये लागतात. येथे बोधनिक-वर्तन उपचार उपयुक्त ठरतात. प्रसंग, त्यातून उद्भवणारा विचार, त्यामागून येणारी भावना आणि अखेरीस होणारे वर्तन ही साखळी रुग्णासोबत बसून उलगडली जाते. पगाराचा दिवस, विशिष्ट मित्राचा फोन, वडिलांशी झालेले भांडण किंवा निकालाची रात्र, यांपैकी नेमके काय तलफ जागी करते, याची नोंद ठेवावयास सांगितले जाते. तलफ ही लाटेसारखी असून ती चढते तशी ओसरतेही, हे अनुभवाने शिकविले जाते. मित्राने आग्रह केल्यास नकार कोणत्या शब्दांत द्यावा, याचा प्रत्यक्ष सराव करून घेतला जातो.

ॲलन मार्लॅट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या प्रक्रियेचे विश्लेषण केले. मार्लॅट यांच्या अभ्यासात नैराश्य किंवा राग यांसारख्या नकारात्मक भावना, परस्परसंबंधांतील संघर्ष आणि सामाजिक दबाव या तीन प्रकारच्या प्रसंगांत मिळून जवळपास तीन चतुर्थांश घसरणी घडल्याचे दिसून आले. त्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष वेधले. दीर्घकाळ दूर राहिलेल्या व्यक्तीकडून एकदा सेवन घडले, तर ‘आता सगळेच संपले’ या भावनेपोटी ती पूर्णपणे व्यसनात परतते. पाय घसरणे आणि दरीत कोसळणे यांत अंतर आहे, हे रुग्णाला आधीच समजावून ठेवणे हा या उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे. कॅथलीन कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कोकेनच्या रुग्णांविषयी प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात असे आढळले की, या उपचाराचे काही लाभ उपचार संपल्यानंतर अधिक ठळक होतात. शिकलेले कौशल्य वापराने रुजत जाते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

५. समूह, कुटुंब आणि अनुभवी सोबती

संवाद केवळ दोघांतच होतो असे नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीत मद्याच्या विळख्यातून बाहेर पडू पाहणारे लोक एकमेकांसमोर स्वतःची कहाणी सांगतात. अमली पदार्थांसाठी अशाच स्वरूपाची ‘नार्कोटिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना १९५३ मध्ये उदयास आली. तेथे कोणी कोणाला उपदेश करीत नाही. प्रत्येक जण स्वतःविषयी बोलतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या पुनरावलोकनात २७ अभ्यासांचा व दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा विचार करण्यात आला. मद्यापासून पूर्णतः दूर राहण्याच्या बाबतीत अशा गटांशी जोडून देणारे सुसूत्र उपचार अन्य प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, किंबहुना काही बाबतींत सरस असल्याचे त्यात दिसून आले.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतंत्र रूप मिळाले ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये. डॉ. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी केलेले लेखन ‘गर्द’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या लेखनाने व्यथित झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच्या उपचारपद्धतीची घडण मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केली. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्ती तेथे कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून काम करू लागल्या. ‘तुला काय कळणार माझं’ हा रुग्णाचा नेहमीचा आक्षेप अशा समुपदेशकासमोर टिकत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही तेथे चालविला जातो. एकाचे व्यसन सबंध घराला आजारी करते आणि घरच्यांनाही बोलण्यासाठी जागा लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

६. परिणामकारकतेचा प्रश्न

संवादोपचारांच्या विविध शाखांपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न सोडविण्यासाठी अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ हा मोठा अभ्यास करण्यात आला. मद्याच्या समस्येने ग्रस्त १,७२६ रुग्णांवर बारा आठवडे उपचार केले गेले. बोधनिक-वर्तन उपचार, बारा पायऱ्यांच्या चळवळीशी जोडून देणारा उपचार आणि केवळ चार बैठकांचा प्रेरणासंवर्धन उपचार अशा तीन पद्धतींची त्यात तुलना होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांत लक्षणीय सुधारणा झाली. परंतु त्यांच्यात परस्परांत फार मोठा फरक दिसला नाही. चार बैठकांचा उपचार बारा बैठकांच्या उपचारांच्या जवळपास पोहोचला, ही बाब साधनांची टंचाई असलेल्या देशांसाठी महत्त्वाची होती.

त्या दिशेने आपल्या शेजारच्या गोव्यात झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आदींच्या नेतृत्वाखाली गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती होत्या. कमाल चार बैठकांत प्रेरणासंवादावर आधारित समुपदेशन देण्यात आले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के, तर केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटातील २६ टक्के पुरुष अपायकारक मद्यपानातून बाहेर आले होते. मागील चौदा दिवसांत मद्याला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ व १८ टक्के होते. जे पीत राहिले, त्यांच्या रोजच्या मद्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. एका वर्षानंतरही पहिल्या गटाची आघाडी टिकून होती.

हे आकडे चमत्काराचे नाहीत. समुपदेशन मिळूनही बहुसंख्य रुग्ण तीन महिन्यांत बाहेर आले नाहीत, हे त्यातून स्पष्टच दिसते. परंतु ज्या देशात अडतिसांपैकी एकालाच उपचार मिळतो, तेथे प्रशिक्षित सामान्य माणसाच्या चार बैठकांनी एवढा फरक पडत असेल, तर तो नगण्य म्हणता येणार नाही.

७. मर्यादा

संवादोपचाराचे महत्त्व सांगताना त्याच्या मर्यादा सांगणे तितकेच आवश्यक आहे. प्रथमतः, दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तीने मद्य अचानक बंद केल्यास झटके येणे, भ्रम होणे इथपासून मृत्यूपर्यंतचे धोके संभवतात. अशा वेळी समुपदेशनापूर्वी डॉक्टरांची गरज असते. द्वितीयतः, हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे उपचाराचा कणा मानली जातात. ती नाकारून केवळ बोलण्यावर भिस्त ठेवणे घातक ठरू शकते. कारण काही काळ दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतल्यास प्राण जाऊ शकतात. याउलट गांजा किंवा कोकेन यांच्या व्यसनावर अद्याप सर्वमान्य औषध उपलब्ध नाही. तेथे मानसोपचार हाच मुख्य आधार ठरतो. तृतीयतः, व्यसनासोबत नैराश्य किंवा अन्य मनोविकार असल्यास मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य अपरिहार्य ठरते.

८. अध्यापकाची भूमिका

अध्यापक हा उपचारक नाही आणि त्याने तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु घसरती उपस्थिती, बदललेली संगत, अकारण चिडचिड आणि पैशांची सततची निकड या गोष्टी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत बहुधा त्यालाच प्रथम दिसतात. त्या क्षणी तो काय बोलतो, यावर विद्यार्थी उपचाराकडे वळेल की अधिक लपवू लागेल, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेण्याजोग्या आहेत.

(१) विद्यार्थ्याशी एकांतात बोलावे. वर्गासमोर केलेला उल्लेख, मग तो सद्हेतूने का असेना, संवादाचा मार्ग बंद करतो.

(२) निरीक्षणाने आरंभ करावा, आरोपाने नव्हे. ‘गेले तीन आठवडे तू प्रॅक्टिकलला दिसला नाहीस’ या वाक्याला उत्तर मिळू शकते. ‘तू नशा करतोस’ या वाक्याला बहुधा नकारच मिळतो.

(३) गोपनीयतेची मर्यादा आधीच सांगावी. जीविताला धोका असल्यास इतरांना सांगावे लागेल, हे स्पष्ट करून त्यापलीकडे विश्वास जपावा.

(४) पुढचा पत्ता ठाऊक असावा. जवळचे शासकीय रुग्णालय, मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र, १४४४६ ही केंद्र शासनाची व्यसनमुक्तीविषयक निःशुल्क दूरध्वनी सेवा आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ सेवा यांची माहिती विभागात उपलब्ध असावी.

(५) कायद्याची भीती अवास्तव वाढवू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या वा सेवनाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय वा शासनमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार मागितल्यास, काही अटींच्या अधीन राहून, तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. तसेच मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक स्थिती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कक्षेत येतात आणि या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

विद्यार्थ्याला तडकाफडकी काढून टाकणे हा संस्थेच्या दृष्टीने सोपा मार्ग असतो. परंतु त्यामुळे ज्या थोड्या जागी त्याच्याशी कोणी बोलू शकले असते, त्यांपैकी एक जागा कमी होते. पदार्थाची विक्री करणारा आणि त्याच्या आहारी गेलेला, यांच्यात शिस्तपालन समितीने भेद केलाच पाहिजे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यसनमुक्तीच्या उपचारात संवाद हा औषधाचा पर्याय नाही आणि औषधानंतरची औपचारिकताही नाही. तो स्वतंत्र तंत्र असलेला, अभ्यासांच्या कसोटीवर उतरलेला व शिकता येण्याजोगा उपचार आहे. बदलाची कारणे बाहेरून लादता येत नाहीत. ती ज्याची त्याला सापडावी लागतात, आणि ती सापडेपर्यंत ऐकणारा कोणीतरी समोर असावा लागतो. महाविद्यालयांनी वर्षातून एकदा होणाऱ्या व्याख्यानासोबत निदान दोन-तीन अध्यापकांना अशा ऐकण्याचे रीतसर प्रशिक्षण दिले, तर ३८ पैकी एक हे प्रमाण बदलण्यास आपल्या परीने हातभार लागेल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रशिक्षित समुपदेशक, एक स्वतंत्र खोली आणि वेळापत्रकात राखून ठेवलेला थोडा वेळ एवढ्या साधनांवर त्याचा प्रारंभ करता येण्यासारखा आहे.